त्रेचाळीस वर्षांची घाई : उत्पत्ती, अध्याय २७ वर भाष्य

हा अध्याय समजून घ्यायचा तर दोन अध्याय मागे जावे लागते. रिबका त्या घरात आली तेव्हा इसहाक चाळीस वर्षांचा होता (२५:२०), आणि जुळे (थोरला एसाव, धाकटा याकोब) झाले तेव्हा साठ वर्षांचा (२५:२६). मधली वीस वर्षे त्या घरात पाळणा हलला नाही. अशाच अडचणीत त्याच्या आईवडिलांनी दासी हागारेचा मार्ग काढला होता. इसहाकाने तसले काही केले नाही. त्याने बायकोसाठी प्रार्थना केली आणि वाट पाहिली. तेव्हा थांबणे म्हणजे काय, हे या जोडप्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पोटात जुळी एकमेकांना ढकलू लागली तेव्हा रिबकेने थेट परमेश्वरालाच विचारले. तिला कळले ते असे, की पोटात दोन राष्ट्रे आहेत आणि थोरला धाकट्याची चाकरी करील (२५:२३). 'धाकट्याची' हा 'ची' मराठीचा आहे. मूळ हिब्रूत तिथे कर्म दाखवणारे 'एत' हे अव्यय नाही. कोणी कोणाची चाकरी करायची हे शब्दक्रमावरून सुचते, पण व्याकरण ते पक्के करत नाही. दाविद किम्ही या मध्ययुगीन भाष्यकाराच्याही हे नजरेतून सुटले नव्हते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले (त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते केडगावहून निघाले). त्यांनाच काय, कोणत्याही मराठी भाषांतरकाराला इथे विभक्ती लावावीच लागते. विभक्ती लावली की संदिग्धता गेली. पण एक गोष्ट मूळातही नाही आणि भाषांतरातही येत नाही: हे कधी होणार. रिबकेला काय ते कळले होते, केव्हा ते कळले नव्हते. पुढचा सारा घोळ त्या रिकाम्या जागेतून निघाला आहे.

वचने १–४. इसहाक म्हातारा झाला आहे, डोळे मंदावले आहेत. मरणाचा दिवस आपल्याला ठाऊक नाही, असे तो एसावाला सांगतो. हे तो अगदी खरे बोलतो, कारण मरण अजून फार लांब आहे. हिशेब करून पाहावा. याकोबाचा मुलगा योसेफ फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता. सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन धरली की एकोणचाळीस. त्या सुमारास याकोब एकशेतीस वर्षांचा (४७:९), म्हणजे योसेफाच्या जन्मावेळी एक्क्याण्णव. त्याआधी त्याने मामा लाबानाकडे चौदा वर्षे काढली होती, म्हणजे या प्रसंगानंतर घर सोडले तेव्हा तो सत्याहत्तरचा आणि इसहाक एकशेसदतीसचा. इसहाकाचे एकूण आयुष्य एकशेऐंशी वर्षांचे (३५:२८). ज्याने निरवानिरवीची भाषा केली तो म्हातारा त्यानंतर त्रेचाळीस वर्षे जगला. रब्बींचा हिशेब लाबानाकडे पोहोचण्यापूर्वी आणखी चौदा वर्षे घालतो. तो धरला तर सत्तावन्न. एकशेसदतीस हे त्याचा सावत्र भाऊ इश्माएल वारला ते वयही आहे (२५:१७). भावाच्या मरणाचा आकडा गाठला की माणसाला आपलीही घटका भरल्यासारखी वाटते, हे समजण्यासारखे आहे.

घरातला पहिला उतावळा तोच, हेही नोंदवले पाहिजे. आशीर्वाद द्यायचा तो सगळ्यांना बोलावून द्यायचा. तो एकट्या एसावाला आत घेतो आणि आशीर्वादाला जेवणाची अट घालतो. 'मत्आम्मीम', म्हणजे जिभेला आवडणारे चविष्ट पदार्थ, हा शब्द या एका अध्यायात सहा वेळा आला आहे. वेदीवर बांधला गेलेला मुलगा म्हातारपणी शिकारीच्या रश्श्यावर आला, असे म्हणावेसे वाटते. पण राहू द्या.

वचने ५–१०. रिबका आडून ऐकते. याकोबाला ते सांगताना ती नवऱ्याच्या बोलण्यात एक भर घालते: परमेश्वरासमोर आशीर्वाद देईन, असे तो म्हणाला म्हणून सांगते (वचन ७). इसहाक तसे म्हणाला नव्हता; चौथे वचन पुन्हा वाचावे. हा शब्द तिने फसवायला घातला असे मला वाटत नाही. तिच्या मनात हा प्रसंग पहिल्यापासून देवासमोरचाच आहे. गर्भारपणी ऐकलेले ते शब्द ती आयुष्यभर जपून आहे, आणि आता ते डोळ्यांदेखत हुकणार असे तिला दिसते. तिची श्रद्धा पक्की आहे. देवाने दिलेला शब्द देव पाळेल हेही ती मानते. फक्त आज दुपारपर्यंत त्याने काही केले नाही, तर आपल्यालाच केले पाहिजे असे तिला वाटते. वीस वर्षे थांबलेल्या बाईला एका जेवणाइतके थांबता आले नाही.

वचने ११–१३. याकोब अडतो तो कशावर? भाऊ केसाळ, आपण गुळगुळीत. बाप चाचपेल आणि आशीर्वादाऐवजी शाप पदरात पडेल. हे चूक आहे, असे तो म्हणत नाही. उघडे पडलो तर काय, एवढेच त्याला विचारायचे आहे. आई म्हणते, शाप आला तर तो मी घेते. आईच्या मायेपोटी निघालेले हे वाक्य कीर्तनात टाळी घेईल. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातल्या चरित्रांवर मराठी कीर्तने रचली. त्या परंपरेतल्या बुवांच्या हाती हे वचन लागले तर ते इथे नक्की थांबतील. पण शाप असा अंगावर घेता येत नाही, निदान सगळा घेता येत नाही. तिचा वाटा तिला मिळाला, तो वचन ४४ पाशी पाहू. याकोबाचा वाटा याकोबालाच भरावा लागला.

वचने १४–१७. दोन करडे आणली, आईने रांधले. एसावाची ठेवणीतली वस्त्रे याकोबाच्या अंगावर चढली. करडांची कातडी हातांवर आणि मानेच्या गुळगुळीत भागावर गुंडाळली.

सगळ्या अध्यायात जास्तीत जास्त रेंगाळावे ते या वचनांपाशी. बापाला फसवायला इथे दोनच वस्तू लागल्या: भावाचा कपडा आणि मारलेले करडू. आता ३७:३१ काढावे. याकोबाची मुले योसेफाचा झगा घेतात, बकरा मारतात, झगा रक्तात बुडवतात आणि बापाकडे पाठवून देतात. भावाचा कपडा आणि मारलेला बकरा. सामान तेच, फक्त फसणारा बाप आता याकोब आहे. शब्दही तोच आहे. इसहाकाने त्याला 'ओळखले नाही' असे २७:२३ मध्ये येते. झगा पाठवताना मुले बापाला तो 'ओळखून' पाहायला सांगतात (३७:३२). दोन्हीकडे नून-काफ-रेश हा एकच धातू. फरक एवढाच की इसहाकाला ओळखता आले नाही, याकोबाने ओळखले, आणि चुकीचे ओळखले. योसेफ तेव्हा सतरा वर्षांचा होता; पुन्हा भेटला तेव्हा एकोणचाळीसचा. ही बावीस वर्षे, आणि याकोब स्वतः आईबापांपासून दूर राहिला तो काळ, लाबानाकडची वीस आणि वाटेतली दोन, यांची सांगड तालमूदने घातली आहे. उत्पत्तीचा निवेदक मात्र कुठेही बोट दाखवत नाही. हे त्याचे फळ, असे तो एकदाही म्हणत नाही. तो फक्त बकरा पुन्हा आणतो.

वचने १८–२०. बाप विचारतो, कोण? मुलगा थोरल्याचे नाव सांगतो. भाष्यकार राशी (इ.स. १०४०–११०५, पंचांगातल्या राशीशी याचा संबंध नाही, हे नाव रब्बी शलोमो यित्सहाकी यांच्या आद्याक्षरांचे) हे उत्तर दोन तुकड्यांत वाचतो: जेवण आणणारा तो मी, आणि थोरला तो एसाव. असे वाचले की खोटे उरत नाही. इब्न एज्राला ही कसरत पटली नाही, मलाही पटत नाही. ऑगस्टीनने तर इथे असत्य नसून गूढ आहे, असा निवाडा देऊन टाकला. थोर माणसांना आपल्या पूर्वजाची लाज राखावीशी वाटते. पाठाला तशी गरज वाटलेली नाही.

भारी आहे ते विसावे वचन. इसहाकाला शंका येते ती वेळेची: इतक्या लवकर शिकार मिळाली कशी? याकोब उत्तर देतो की तुमच्या देवाने ती माझ्यापुढे आणली. 'तुमच्या', 'आपल्या' नव्हे, हेही पाहण्याजोगे आहे. त्याने वापरलेले क्रियापद 'समोर घडवून आणणे' या अर्थाचे आहे, आणि ते याआधी एका फार वेगळ्या तोंडी आले आहे. इसहाकासाठी मुलगी पाहायला गेलेला अब्राहामाचा चाकर विहिरीपाशी हेच क्रियापद वापरून प्रार्थना करतो (२४:१२). मग तो काय करतो? मुलगी पाणी शेंदत असते, आणि तो गप्प उभा राहून पाहत राहतो, देवाने आपला प्रवास सफल केला की नाही हे कळेपर्यंत (२४:२१). त्या थांबण्यातून जी या घरी आली, तीच ही रिबका. तिचा मुलगा तोच शब्द घाईवर पांघरूण घालायला वापरतो. बापाशी खोटे बोलणे एक. स्वतःच्या उतावळेपणावर देवाची मोहोर उठवणे दुसरे. अख्ख्या अध्यायात देवाचे नाव कामाला लावलेले दिसते, देव बोललेला मात्र कुठे दिसत नाही.

वचने २१–२७. डोळे गेलेला माणूस उरलेल्या इंद्रियांनी तपास करतो. हात एसावाचे लागतात, आवाज याकोबाचा येतो, जेवण चवीला बरोबर, कपड्यांना रानाचा वास. कानाने दिलेली एकटी खरी साक्ष तीन खोट्या साक्षींपुढे हरते. चोविसाव्या वचनात तो शेवटचे विचारतो. याकोबाचे उत्तर हिब्रूत एका शब्दाचे आहे. एव्हाना त्याला जास्त बोलावे लागत नाही.

वचने २८–२९. आता मिळाले काय ते मोजावे. आभाळाचे दव, सुपीक जमीन, धान्य, द्राक्षारस; लोकांनी चाकरी करावी, भावांनी वाकावे. यात अब्राहामाचे नाव नाही, कनान देशाचे नाव नाही, कराराचा शब्द नाही. ज्यासाठी रिबकेचा जीव टांगणीला लागला होता ते या आशीर्वादात नाहीच.

आणि जे आहे ते याकोबाने कधी भोगले? वीस वर्षांनी एसाव समोर आला तेव्हा वाकला तो याकोब, एकदा नव्हे, सात वेळा (३३:३). एसावाला तो स्वामी म्हणतो आणि स्वतःला दास. चाकरी केली तीही यानेच, लाबानाची. मग भेटीदाखल आणलेली जनावरे पुढे करून तो भावाला गळ घालतो की हे घेच (३३:११). जनावरांसाठी त्याच्या तोंडून शब्द निघतो 'बेराखा', म्हणजे आशीर्वाद. एरवी तो 'मिन्हा', म्हणजे भेट, हा शब्द वापरत आला आहे. त्या क्षणी तेवढा बदलतो. भाषांतरात इथे 'भेट' किंवा 'देणगी' असा शब्द आला की चोरीचा माल परत चालला आहे हे वाचकाला दिसत नाही. मराठी आवृत्त्यांनी निदान तळटीप द्यावी.

वचने ३०–३३. एक बाहेर पडतो न पडतो तोच दुसरा आत येतो. इसहाकाला कापरे भरते. मूळात 'थरथर' हा शब्द दुहेरी, मग 'मोठी', वर 'अत्यंत'. आशीर्वाद मागे का घेतला नाही? मेसोपोटेमियातल्या नुझी गावी सापडलेल्या मृत्तिकापटांत आजारी बापाने अंथरुणावरून तोंडी दिलेला शब्द न्यायालयाने ग्राह्य धरल्याचे एक प्रकरण आहे. त्याचा दाखला इथे पूर्वी फार दिला जाई. कायद्याचे ते स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. बापाला राग आला असता तर तो शाप देऊ शकला असता, आणि याकोबाला भीती त्याचीच होती. तो उलट आशीर्वाद कायम करतो. थरथरताना त्याला बहुधा हे उमगले की एसावाला गुपचूप द्यायचे ठरवून आपणही कोणाच्या तरी आड जात होतो.

वचने ३४–३८. एसाव मोठ्याने, कडवट आक्रोश करतो. याच शब्दांत हिब्रू शास्त्रात आणखी एकदा कोणी आक्रोश केला आहे: शूशनच्या रस्त्यावर मर्दखय, यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघाल्यावर (एस्तेर ४:१). 'बेरेशीत रब्बा' या मिद्राशातल्या रब्बींनी दोन्ही जोडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की देव गोष्टी सोडून देतो असे समजणारा फसतो. देव वाट पाहतो आणि येणे वसूल करतो. याकोबाने एसावाला रडवले, त्याची परतफेड शतकानुशतकांनी याकोबाच्या वंशजाने केली. हे याकोबाचेच वंशज लिहीत आहेत, हे विसरू नये. शत्रूचे रडणे आपल्या खात्यावर नावे टाकायला मोठे मन लागते. एसावाने थोरलेपण एका जेवणासाठी आपणहून विकले होते (२५:२९–३४) आणि तो काही साधा भोळा नव्हता. तरी त्यांनी ती सबब पुढे केली नाही. थांबण्याचे दोन अर्थ इथे एकत्र येतात: माणसाने देवाची वाट पाहायची, तशी देवही माणसाच्या हिशेबाची वाट पाहतो.

पस्तिसाव्या वचनात इसहाक याकोबाच्या कृत्याला 'मिर्मा' म्हणतो, म्हणजे कपट. ओंकेलोसच्या अरामी भाषांतराने त्याचे 'शहाणपण' केले. पुन्हा तीच लाज राखणे. पण २९:२५ मध्ये लग्नाच्या दुसऱ्या सकाळी राहेलीच्या जागी लेआ दिसल्यावर याकोब सासऱ्याला फसवल्याचा जाब विचारतो तो याच धातूतल्या क्रियापदाने. लाबान शांतपणे सांगतो की आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. वार कुठे बसला हे लाबानाला कदाचित ठाऊकही नसेल. एका मिद्राशात लेआ नवऱ्याला उलट सुनावते: बापाने एसाव म्हणून हाक मारली तेव्हा तुम्हीही ओ दिलीतच की. आंधळ्याच्या अंधाराला रात्रीच्या अंधाराने दिलेले हे उत्तर याहून नेमके करता आले नसते.

छत्तिसाव्यात एसाव दोन कोट्या करतो: याकोब म्हणजे टाच धरून पाडणारा, आणि 'बेखोरा' (थोरलेपण) नेले तसे 'बेराखा'ही नेले. पहिली कोटी फार टिकली. भावाभावांतल्या विश्वासघाताबद्दल बोलताना यिर्मया तेच नाव क्रियापद करून वापरतो (९:४), होशेयही टाचेची आठवण काढतो (१२:३). राष्ट्राला ज्याचे नाव, त्याच नावात चूक शिल्लक राहिली.

वचने ३९–४०. एसावाला जमिनीची सुपीकता आणि आभाळाचे दव 'मधून' मिळेल की 'पासून दूर', हे 'मिन' या उपसर्गावर लटकते. अदोमचा डोंगराळ मुलूख पाहता दुसरा अर्थ बरा. मानेवरचे जू कधीतरी झुगारेल, हेही सांगितले आहे. दाविदाने अदोमात ठाणी बसवली (२ शमुवेल ८:१४), यहोरामाच्या काळात अदोम फुटला (२ राजे ८:२०–२२). देवाचा शब्द खरा झाला तो इतक्या सावकाश.

वचने ४१–४५. बापाच्या सुतकाचे दिवस जवळ आले, ते झाले की भावाला मारीन, असे एसाव मनाशी ठरवतो. त्याचाही हिशेब त्रेचाळीस वर्षांनी चुकला. सुतक आले तेव्हा दोघांनी मिळून बापाला पुरले (३५:२९).

रिबका याकोबाला हारानला भावाकडे धाडते आणि सांगते, थोडे दिवस राहा. 'यामीम अहादीम', अगदी थोडेसे दिवस. हे दोन शब्द लगेच पुन्हा येतात: राहेलीसाठी केलेली सात वर्षांची चाकरी याकोबाला अशीच थोड्या दिवसांची वाटली (२९:२०). त्याचे थोडे दिवस सात वर्षांचे झाले, मग चौदा, मग वीस. मी निरोप पाठवून तुला बोलावून घेईन, असे रिबका म्हणते. तो निरोप आल्याचे कुठे लिहिलेले नाही. तिचे मरण सांगितलेले नाही. तिच्या दाईचे, दबोरेचे, सांगितले आहे (३५:८). तिला मकपेलाच्या गुहेत पुरले, एवढे मरणपंथावरचा याकोब बोलून जातो (४९:३१). अंगावर घेतलेल्या शापातला तिचा वाटा तो हा. वीस वर्षे वाट पाहून मिळालेला मुलगा तिने एका दुपारी गमावला.

वचन ४६ आणि २८:१–५. नवऱ्याशी बोलताना ती एसावाच्या धमकीचा उच्चारही करत नाही. हित्ती सुनांनी जीव नकोसा केला म्हणते. तक्रार खोटी नाही (२६:३५), पण कारण दुसरे आहे. सवय अजून गेलेली नाही.

मग इसहाक याकोबाला बोलावतो. आता कातडी नाही, कपडा नाही, जेवण नाही. समोर कोण आहे हे त्याला ठाऊक आहे. आणि तो अब्राहामाचा आशीर्वाद, संतती आणि देश, नाव घेऊन याकोबाला देतो (२८:३–४). रिबकेला हवे होते ते हे. ते मागितल्याशिवाय मिळाले, आणि मिळाले तेव्हा मुलाच्या हाती प्रवासाचे गाठोडे होते. पुढे याकोब स्वतः डोळे मंदावलेला म्हातारा होतो. योसेफाची दोन्ही मुले समोर उभी असताना हातांची अढी घालून धाकट्या एफ्राईमाला पुढे करतो, योसेफ हरकत घेतो, तरी ऐकत नाही (४८:१०–१९). या घरात धाकट्याला उघडपणे पुढे करता येत होते.

पाचव्या वचनाच्या शेवटी निवेदक लाबानाची ओळख देतो: रिबकेचा भाऊ. आणि रिबका कोण, तर याकोब व एसाव यांची आई. सत्तावीस अध्याय वाचून झालेल्याला हे सांगायची काय गरज? शब्दाशब्दाला कारण शोधणारा राशी इथे लिहितो की यातून काय शिकायचे ते मला माहीत नाही. मला एवढेच दिसते की एक मुलगा उत्तरेची वाट धरतो, दुसरा खुनाचा बेत मनात ठेवून घरी आहे, आणि नेमके तिथे पाठ तिला दोघांची आई म्हणतो.